बाभळीवरची अक्का

टीव्ही बंद करायचं बटण विशाखाबाईंना वेळेवर सापडलंच नाही. रिमोट हातातच होता. सातवीचा अख्खा वर्ग पडद्याकडे बघत होता आणि पडद्यावर, बाभळीच्या शेंड्यावरच्या घरट्यात, गरुडाचं मोठं पिल्लू धाकट्याच्या मानेवर चोची मारत होतं.

“बाई, खेळायलेत का ते?” मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

“हो, खेळतायत,” बाई म्हणाल्या. त्यांना खरोखर तसंच वाटत होतं.

मग धाकट्याच्या पांढऱ्या लवीवर लाल डाग दिसला.

सुरुवात कौतुकानं झाली होती. विशाखा सूर्यवंशी मूळच्या देगलूरच्या. शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या, घरणी नदीच्या काठावरच्या या गावात विज्ञान शिकवायला येऊन त्यांना काही वर्षं झाली होती. शाळेच्या कुंपणापलीकडे मन्मथअप्पांचं शेत, आणि शेताच्या बांधावर एक जुनी, उंच बाभूळ. दिवाळीनंतर तिच्या शेंड्यावर तपकिरी गरुडांची जोडी काटक्या आणून टाकायला लागली. गावातले लोक त्यांना घारच म्हणायचे. “लई मोठी घार हाय,” एवढंच. बाईंनी मुलांना शेपटी बघायला शिकवलं. घारीची शेपटी मधोमध चिरलेली, गरुडाची गोल. तेवढ्यावरून पोरांना नाद लागला. शिरूरला सीसीटीव्हीचं दुकान चालवणारे जावेदभाई एकदा शाळेचा टीव्ही दुरुस्त करायला आले होते. ते म्हणाले, “मॅडम, माझ्याकडं एक झूमवाला कॅमेरा पडून हाय. पाण्याच्या टाकीवर बसवू. पाखराला खबर बी लागायची न्हाई.”

कॅमेरा बसला. टाकी बाभळीपेक्षा उंच, त्यामुळे घरट्याच्या आतलं सगळं वर्गात दिसायला लागलं. दोन अंडी होती. जानेवारी संपता संपता एक फुटलं, आणि मग दोन-तीन दिवसांनी दुसरं.

पिल्लांची नावं रुद्राणीनं ठेवली. ती मन्मथअप्पांची धाकटी मुलगी. बाभूळ तिच्या शेतातली, म्हणून मान तिचा, असं वर्गानंच ठरवलं. थोरल्या पिल्लाला ती ‘अक्का’ म्हणाली आणि धाकट्याला ‘पिटुकली’. कर्नाटक जवळ असल्यानं या भागातल्या कित्येक घरांत थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. दहावीत शिकणाऱ्या तिच्या स्वतःच्या बहिणीला, शिवकांतालाही, रुद्राणी अक्काच म्हणायची. पिल्लं नर आहेत की माद्या, ते कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंही नाही.

आणि आता, भर वर्गात, अक्का पिटुकलीला मारत होती.

गरुडीण घरट्याच्या काठावर उभी होती. पिल्लांपासून वीतभर लांब. ती खाली बघायची, मग मान वळवून शेताकडे बघायची. पोरं तिला हाका मारायला लागली. “अगं, बघ की! खाली बघ!” पिटुकली सरपटत काठाकडे गेली. अक्कानं तिला गाठलं. पिटुकलीनं मान उचलली, ती डुगडुगली आणि पडली. पुन्हा अर्धीच उचलली. नंतर ती उचलली गेलीच नाही.

“आता आई घेईल तिला,” रुद्राणी म्हणाली. “घेईल न, बाई?”

आईनं घेतलं. पिटुकलीला पंजाखाली दाबून धरलं, चोचीनं एक तुकडा तोडला आणि तो अलगद अक्काच्या चोचीत भरवला.

कुणीतरी बाकावरच ओकलं. कॅमेऱ्याची वायर बघायला आलेले जावेदभाई दारात उभे होते. ते धावत आत आले आणि त्यांनी भिंतीतला प्लगच उपसला. पडदा काळा झाला. “या अल्ला,” ते पुटपुटले. बाई अजून हातातल्या रिमोटकडेच बघत होत्या.

घरी जाऊन बाईंनी मोबाइलवर शोधलं. या जातीच्या गरुडांत हे नेहमीचंच असतं, असं तिथं लिहिलेलं होतं. आधी जन्मलेलं पिल्लू नंतरच्याला बहुतेक वेळा मारतं, आईबाप मध्ये पडत नाहीत. दुसरं अंडं पहिल्याच्या जिवाला काही झालं तर असावं म्हणून घातलेलं असतं. बाईंनी ते पुन्हा वाचलं. म्हणजे हा अपघात नव्हता. अंडी फुटली त्या दिवसापासून हे होणारच होतं, आणि आपण रोज वर्गात सांगत होतो, बघा, भावंडं कशी मिळून राहतात!

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच मन्मथअप्पा ऑफिसात येऊन बसले होते. मुख्याध्यापक विरूपाक्ष स्वामी सर त्यांना चहा घ्या, चहा घ्या म्हणत होते. अप्पांनी कपाला हात लावला नव्हता.

“बाई, तुमी लेकरांना काय दाखवायलात?” बाई दारात दिसताच ते उठून उभे राहिले. “माझी धाकटी काल जेवली न्हाई. अक्काच्या शेजारी झोपत न्हाई. भिंतीला पाठ लावून बसली. थोरलीनं घास पुढं केला तर किंचाळली, ‘अक्का मारती’ म्हणून. अवो, थोरलीनंच तर तिला कडेवर वागवलं! ती बी रडायलीय आता. घरात दोघी दोन कोपऱ्यात हाईत.”

“अप्पा, मला माहीत नव्हतं,” बाई म्हणाल्या.

“तुमाला माहीत न्हाई, तर लेकरांना कशापायी दाखवायचं?”

टीव्ही वर्गातून हलवून ऑफिसात ठेवायचा, मुलांना दाखवायचा नाही, असं सरांनी ठरवलं. कॅमेरा राहू दे, काढायला गेलं तर पक्षी बिथरतील, एवढं बाईंनी कसंबसं मान्य करून घेतलं.

मधल्या सुट्टीत त्यांनी रुद्राणीला जवळ बोलावलं. पोरगी एका रात्रीत वाळल्यासारखी दिसत होती.

“गरुडांत तसं असतं बेटा. माणसांत नसतं.”

“का नसतं?”

बाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला.

“आन् आईनं का न्हाई अडवलं?” रुद्राणीनं विचारलं. “ती तर तिथंच हुबी होती.”

घंटा झाली तशी बाईंनी तिला वर्गात पाठवलं.

नंतरच्या शनिवारी शाळा सकाळची होती. मुलं घरी गेली होती. बाई ऑफिसात एकट्याच पेपर तपासत होत्या, टीव्ही कोपऱ्यात चालू होता. अक्का आता बरीच मोठी झाली होती, पण अंगावर अजून पांढरी लवच होती. ती घरट्यात एकटी होती. बाईंनी पान उलटलं, सहज वर बघितलं आणि पडद्यावरून काहीतरी सर्रकन गेलं. त्यांना वाटलं, चिमणी असेल. मग दुसरं गेलं आणि घरट्याच्या काठावर आपटलं. दगड होता.

बाई उठून पडद्याजवळ गेल्या. अक्का घरट्याच्या मधोमध अंग चोरून बसली होती. आणि घरट्याच्या खालच्या अंगानं, काटेरी फांद्यांमधून, एक हात वर आला. हातात हिरव्या बांगड्या होत्या.

बाईंनी चपलाही घातल्या नाहीत. कुंपणाची तार ओलांडताना साडी फाटली, तेही त्यांना नंतर कळलं. बाभळीखाली रुद्राणी उभी होती. तिनं फ्रॉकच्या ओच्यात दगड धरले होते आणि ती हुंदके देत वर बघत होती. शेंड्याजवळ, काट्यांनी ओरबाडलेली, एका हातात काठी घेतलेली शिवकांता होती.

“शिवकांता! खाली ये! आधी खाली ये!”

शिवकांतानं बाईंकडे बघितलंही नाही. ती बहिणीशी बोलत होती.

“मारते मी याला, रुद्रे! याला मारते, मंग तर येशील न माझ्याजवळ? मंग झोपशील न?”

बाईंच्या आत्ता लक्षात आलं. या पोरीनं स्वतःला सिद्ध करायला हे काढलं होतं. आपण त्या पिल्लासारखी नाही हे धाकटीला पटवायला ती त्या पिल्लाचा जीव घ्यायला निघाली होती.

गरुडीण कुठून आली ते कुणालाच दिसलं नाही. फक्त एक मोठी सावली शेतावरून सरकली आणि फडकन आवाज झाला, ओलं धोतर झटकल्यासारखा. शिवकांताच्या पाठीवर पंजे बसले. तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले, काठी सुटली, फांदी कडकडली. मग ती फांद्यांवर आपटत, काट्यांतून सोलवटत खाली आली आणि तुरीच्या धसकटांत पडली.

शिवकांताचं उजवं मनगट वेगळ्याच दिशेला वळलं होतं आणि ती त्याच्याकडे, ते दुसऱ्या कुणाचं असावं तसं, बघत होती. रुद्राणीच्या ओच्यातले दगड घरंगळले. आणि मग ती पोरगी अशी ओरडली की नदीपलीकडचे लोक धावत आले. “अक्का! माझी अक्का!” तिनं बहिणीच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं, आणि मोठ्या माणसांनाही तिला बाजूला करता येईना.

जीपमधून शिवकांताला लातूरला नेलं. मनगटाची दोन्ही हाडं मोडली होती. पाठीवर पंज्यांचे व्रण होते. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, मानेवर पडली असती तर काही खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मन्मथअप्पा लातूरहून परत आले ते थेट बांधावर गेले. खांद्यावर कुऱ्हाड होती. मागोमाग निम्मं गाव जमलं. विरूपाक्ष सर सांगत होते, अप्पा, वन खात्याला फोन केलाय, त्यांचे लोक येईपर्यंत थांबा, कायदा आहे. अप्पांनी त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. बाई जाऊन बुंध्यापाशी उभ्या राहिल्या.

“अप्पा, कॅमेरा मी लावला. राग माझ्यावर काढा.”

“सरका, बाई. तुमाला काय म्हणत न्हाई मी. पण ही बाभूळ माझी हाय.”

त्यांनी बाईंना हातानं नाही, कुऱ्हाडीच्या दांड्यानं हलकेच बाजूला सारलं आणि पहिला घाव घातला. घरट्यातून गरुडीण उठली आणि वर घिरट्या घालायला लागली. दुसरा घाव बसला तेव्हा सालीचे तुकडे बाईंच्या पायाशी उडाले. एवढ्यात त्यांच्या हातातला मोबाइल कुणीतरी ओढला. रुद्राणी होती. तिनं लातूरला दवाखान्यात थांबलेल्या आईचा नंबर लावला.

“अक्का हाय का? अक्काला दे. अक्का, अप्पा झाड तोडायलेत. लई चिडलेत. मला भ्याव वाटायलंय.” मग ऐकून तिनं फोनचा स्पीकर लावला आणि तो बापापुढं धरला. “अप्पा, अक्का बोलायलीय.”

कुऱ्हाड वरच्या वर थांबली.

“अप्पा,” शिवकांताचा आवाज औषधांनी जड झाला होता. “नका तोडू.”

“तू गप पड. त्यानं तुझा जीव घेतला असता.”

“मी वर बघितलं त्याला, अप्पा. मला वाटलं होतं, राक्षसावानी असल. लई ल्हान हाय वो ते. मी काठी उगारली तर मागं मागं सरकलं, काट्यात तोंड घालून बसलं. थरथर कापत होतं.” ती थांबली. “त्याच्या आईनं मला हाणलं. तुमी असते तर तुमी बी हाणलं असतं.”

अप्पांनी कुऱ्हाड खाली टेकवली, मग स्वतःच बुंध्याला पाठ लावून खाली बसले आणि चेहरा उपरण्यात घेतला. लोक हळूहळू पांगले. रुद्राणी फोन कानाला लावून तिथंच उभी होती. पलीकडून बहीण काय सांगत होती कोण जाणे, ही नुसतं “हाव, हाव” म्हणत होती.

वन खात्याची माणसं दुपारी येऊन झाड बघून गेली. घाव खोल नव्हता. बाभूळ वाचली.

पण शिवकांताचा उजवा हात प्लास्टरमध्ये आणि दहावीची परीक्षा तोंडावर आलेली. लेखनिक घ्यायला परवानगी असते, तो खालच्या वर्गातला पाहिजे, असं विरूपाक्ष सरांनी सांगितलं. आठवी-नववीतल्या हुशार मुली तयार होत्या. शिवकांता म्हणाली, “रुद्रीच पाहिजे.”

“तिला तुझं बीजगणित लिहिता येईल का?” बाईंनी विचारलं.

“मी सांगन तसं लिहील. अक्षर चांगलं हाय तिचं.”

सराव घ्यायला बाई शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी जायला लागल्या. पहिल्या दिवशी दोघी बाजेच्या दोन टोकांना बसल्या. झाडाखाली बहिणीला मिठी मारून रडलेली रुद्राणी आता पुन्हा आखडली होती. शिवकांता बोलायची, ती लिहायची, पण मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा. शिवकांतानं एक युक्ती केली. ती बारीक आवाजात सांगायला लागली. ऐकू यावं म्हणून रुद्राणीला सरकावं लागलं, मग आणखी थोडं. मराठीच्या पेपराच्या आदल्या संध्याकाळी बाई गेल्या तेव्हा धाकटी थोरलीच्या प्लास्टरवर कोपर टेकवून लिहीत होती आणि थोरली “दुखायलंय, मुडदे” म्हणून हसत होती. बाई दारातूनच परत फिरल्या. रस्त्यानं चालताना त्यांना एकदम रडू फुटलं. का, ते त्यांनाही कळलं नाही.

एप्रिलमध्ये बाईंनी वर्गाला विचारलं, टीव्ही परत आणायचा का? पोरं रुद्राणीकडे बघायला लागली. मग रुद्राणीच म्हणाली, “आणा. ती मोठी झाली असल.”

अक्का ओळखू येत नव्हती. लव जाऊन तपकिरी पिसं आली होती. ती घरट्याच्या काठावर उभी राहून पंख झोडायची, वाऱ्यानं उचलली की घाबरून पुन्हा बसायची. एका सकाळी ती उडाली. उडाली म्हणजे पडलीच. शेताच्या मधोमध आपटली आणि कोंबडीसारखी चालत बांधाकडे निघाली. सगळा वर्ग पोट धरून हसला. त्या वर्गात पिटुकली गेल्यापासून पहिल्यांदाच कुणी हसलं होतं. संध्याकाळपर्यंत अक्का धडपडत पुन्हा बाभळीवर पोचली होती.

त्यानंतर आईबाप भक्ष्य आणून झाडावर टाकायचे. मे उजाडला, सुट्ट्या लागल्या, आणि ते आणणं कमी कमी होत गेलं. अक्का दिवसभर फांदीवर बसून ओरडायची. उन्हात तो आवाज गावभर ऐकू यायचा. रुद्राणीच्या घरात अंडंसुद्धा शिजत नव्हतं, पण तिनं जावेदभाईंना रस्त्यात गाठून विचारलं, “चाचा, थोडं मटण आणता का? तिच्यासाठी.” त्यांनी बाईंना फोन केला. “मॅडम, काय करू? पोरगी रडायलीय.”

“थांबा,” बाई म्हणाल्या. “मी येते.”

दुपार कलली होती. बांधावर दोघी बहिणी होत्या. शिवकांताचं प्लास्टर निघालेलं, हात बारीक आणि पांढुरका दिसत होता. जावेदभाई मोटारसायकल लावून उभे होते. लांबून गरुडीण येताना दिसली. अक्का पंख थरथरवत जोरजोरात ओरडायला लागली.

“आणलं! आईनं आणलं!” रुद्राणी टाळ्या पिटत म्हणाली.

गरुडिणीच्या पायात काहीच नव्हतं. ती सरळ आली आणि पंजे पुढं करून अक्काच्या अंगावर पडली. अक्का फांदीवरून निसटली, कशीबशी पंख पसरून सावरली आणि विजेच्या खांबावर जाऊन टेकली. गरुडीण तिथंही तिच्यामागं गेली. पिसं उडाली. अक्कानं खांब सोडला.

बाईंनी हेही वाचलेलं होतं, उडायला लागलेल्या पिल्लाला आईबाप शेवटी असंच हुसकून लावतात.

“आता गं!” रुद्राणी ओरडली. “हिच्यापायी माझ्या अक्काला पाडलं, आन् आता हिलाच हाणायली?” तिनं खाली वाकून ढेकूळ उचललं आणि गरुडिणीच्या दिशेनं भिरकावलं. ते दहा पावलांवर पडून फुटलं.

“फेक, फेक,” शिवकांता म्हणाली. “मला परत दवाखान्यात धाड.” आणि तिनं बहिणीचं दुसरं ढेकूळ काढून घेतलं.

अक्का नदीकडच्या पडीक जमिनीवर उतरली होती. बराच वेळ ती नुसती उभी राहिली. मग चार पावलं धावली, झेपावली, हुकली. पुन्हा झेपावली. यावेळी पंजाखाली काहीतरी वळवळत होतं. सरडा असावा. तिनं आजूबाजूला बघितलं, कुणी भरवायला येतंय का हे बघावं तसं, आणि मग मान खाली घातली.

रुद्राणी बहिणीचा बारीक झालेला हात धरून उभी होती.

अक्का आणखी काही दिवस नदीच्या बाजूला दिसली. मग दिसेनाशी झाली. जावेदभाई कामाला देवणीकडे गेले की आभाळाकडे बघायचे आणि फोनवर सांगायचे, “मॅडम, एक गरुड दिसला, पण आपलाच हाय का, काय सांगावं?” शिवकांता दहावी पास झाली आणि अकरावीला लातूरला गेली.

जूनमध्ये शाळा उघडली. नव्या सातवीला मागच्या वर्षीचं सगळं ऐकून ठाऊक होतं. पहिल्याच तासाला एकानं विचारलं, “बाई, ते गरुड दिवाळीनंतर परत अंडी घालतील का?”

“घालतील,” विशाखाबाई म्हणाल्या. त्यांनी खडू खाली ठेवला आणि त्या टेबलाच्या पुढं येऊन उभ्या राहिल्या. “त्या पिल्लांचं पुढं काय होतं, ते मी आज सांगते. सगळं सांगते. ऐकून घ्या, घरी विचारा, आणि मग टीव्ही लावायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.”